गाडी पुन्हा मिसिंग मारते आहे

नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाट उताराचा लागतो, परतताना चढाचा. माझी गाडी जाताना कधी कुरकुरली नाही. परतताना मात्र कसारा गाव मागे पडले, चढ सुरू झाला आणि तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, की ती हिसके देऊ लागे. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुके. मागे ट्रकांची रांग, बाजूला कठडा, गाडीत म्हातारी आई. इगतपुरीची सपाटी लागली की सगळे पूर्ववत होई आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली तर काहीच झाले नसल्यासारखी संथ चाले.

वर्षभरात ती तीनदा दुरुस्त झाली. पहिल्या खेपेला चारही प्लग बदलले. सहा आठवडे तक्रार नव्हती. दुसऱ्या खेपेला दोन नंबरच्या सिलिंडरची कॉईल बदलली; पाच महिने गाडी उत्तम चालली. तिसऱ्या खेपेला इंजेक्टर साफ करून घेतले, त्याने फरक पडला नाही, म्हणून तीच कॉईल पुन्हा नवी टाकली. तिचेही पाच महिने भरले आणि हिसके परत आले. खर्च झाला तो झालाच. पण दर वेळी दोष सापडल्याचे मला खात्रीने सांगितले गेले होते, ते जास्त लागले.

चौथ्या खेपेला गाडी एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी विचारले, "गाडी गरम झाल्यावर होतं का थंड असताना? गॅसवरच होतं का पेट्रोलवरपण? चढालाच होतं का सिग्नलला उभी असतानापण?" माझी गाडी सीएनजीवर चालते. तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला ठाऊक होती. तोवर ती कुणी विचारलीच नव्हती. मग त्यांनी स्कॅनर लावून दोन नंबरच्या सिलिंडरचा कोड वहीत उतरवून घेतला, दोन आणि तीन नंबरच्या कॉईलींची अदलाबदल केली, मला शेजारी बसवले आणि गाडी पुन्हा घाटाला लावली. कोड तीन नंबरवर सरकला. म्हणजे दोष कॉईलीबरोबर फिरत होता.

इथवर आधीचेही पोचले होते. मिस्त्री इथे थांबले नाहीत. कॉईल काढून तिचा रबरी बूट त्यांनी बोटांनी दाबून पाहिला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "साहेब, कॉईल गेली हे खरं. पण ती कशानं गेली, हे कुणी बघितलं का?" रबर फुगून मऊ पडले होते आणि त्याला इंजिन ऑईलचा वास होता. टॅपेट कव्हरखाली, प्लगच्या नळीभोवती बसणारे सील कडक होऊन चिरले होते आणि त्यातून थेंबाथेंबाने ऑईल प्लगपाशी उतरत होते. सील बदलले, नळी पुसून कोरडी केली, प्लग आणि कॉईल नवी घातली. त्याला आता चार वर्षे झाली. घाट तोच आहे, गाडीही तीच आहे.

ही पुस्तिका त्या दिवशी मनात सुरू झाली. तिचा विषय साधे मिसिंग नाही, परत परत येणारे मिसिंग आहे. या दोहोंत फरक आहे आणि तो समजून घेण्यासाठी माझ्या गाडीतल्या तीन फसलेल्या दुरुस्त्यांकडे पुन्हा एकदा पाहावे लागेल. कारण इंजेक्टरची सफाई सोडली तर त्या खरे म्हणजे फसल्या नव्हत्या. त्या लागू पडल्या होत्या, आणि तीच त्यांची फसगत होती.

प्लगच्या दोन टोकांमध्ये साधारण एक मिलिमीटरची फट असते. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. कॉईल त्यातून वीस-तीस हजार व्होल्ट उभे करते, तेव्हा त्या फटीतून ठिणगी उडी मारते. ही उडी मोकळ्या हवेत सोपी आणि दाबाखाली अवघड असते. चढावर पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरते, दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. सीएनजीला तर पेट्रोलपेक्षाही जास्त. आता कॉईलीचा बूट ऑईलने मऊ पडलेला असेल, तर विजेला दुसरी वाट सापडते: प्लगची फट ओलांडण्यापेक्षा रबर भेदून शेजारच्या लोखंडात उतरणे तिला सोपे जाते. ठिणगी पडते, पण चुकीच्या जागी. नव्या प्लगच्या कडा धारदार असतात, त्यांना कमी व्होल्टेज पुरते. म्हणून सहा आठवडे निभावले. नव्या कॉईलीबरोबर नवे रबर आले. ते सडायला पाच महिने लागले. दर वेळी गाडी खरोखर बरी झाली आणि दर वेळी कारण जागच्या जागी राहिले. दुरुस्तीनंतर गाडी नीट चालली, एवढ्यावरून कारण सापडले असे ठरत नाही. माझ्या मते या धंद्यातला सर्वांत महाग गैरसमज हाच आहे, आणि तो गिऱ्हाईक आणि फिटर दोघांचाही आहे.

मिसिंग हा शब्द आपल्या गॅरेजांनी इतका मुरवला आहे की तो इंग्रजी वाटत नाही. "गाडी मिसिंग मारते", "एक सिलिंडर मारत नाही", "तीनवर चालली आहे" ही बोली कोल्हापूरपासून नागपुरापर्यंत सारखी कळते. शब्दामागचे काम साधे आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला १५०० वेळा पेट घेतो, म्हणजे सेकंदाला २५ वेळा. चारही मिळून १०० वेळा. यातला एखादा पेट चुकला की मिसिंग. पेट घ्यायला तीन गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, वेळेवर पडलेली पुरेशी ठिणगी, आणि मिश्रण दाबून धरणारा हवाबंद सिलिंडर. शुद्ध पेट्रोलच्या दर किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. मिसिंगचे कुठलेही कारण या तिघांपैकी एकाच्या पदरात जाते. यादी एवढी छोटी असूनही माणसे वर्ष-वर्ष हैराण होतात, कारण तिन्हींची बाहेरून दिसणारी खूण एकच असते: हिसका.

एके काळी हा शोध डोळ्यांनी आणि कानांनी चाले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. तिच्या जुन्या चालकांच्या हाताला डिस्ट्रिब्युटर अंधारातही सापडे. त्याला तेव्हा सगळे डेल्को म्हणत. त्यातले पॉइंट घासायचे, कंडेन्सर बदलायचा, प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. फिक्या तपकिरी प्लगचा सिलिंडर निरोगी. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. ओला चिकट काळेपणा असेल तर रिंगा किंवा वॉल्व्हच्या सीलमधून ऑईल वर येते आहे. पांढरा, भाजल्यासारखा असेल तर मिश्रण पातळ किंवा प्लग जास्त तापतो आहे. चालत्या इंजिनावर प्लगच्या वायरी एकेक करून उपसायच्या. जी उपसल्यावर आवाजात फरक पडत नाही, तिचा सिलिंडर आधीच मेलेला. प्लगचा रंग वाचण्याची विद्या आजही तितकीच खरी आहे आणि या पुस्तिकेत तिला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. वायर उपसण्याची रीत मात्र आजच्या गाड्यांवर करू नये. वाट न मिळालेला करंट कॉईल जाळतो, कधी कंट्रोल युनिटही. त्याऐवजी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढला की तोच अंदाज येतो आणि न जळलेले पेट्रोलही सायलेन्सरमध्ये जात नाही.

कार्ब्युरेटर गेले, इंजेक्शन आले, आणि इंजिनावर नजर ठेवायला कंट्रोल युनिट आले. ते मिसिंग कसे ओळखते? क्रँकशाफ्टला जोडलेल्या दातेरी चाकाचे दात सेन्सरसमोरून जातात. प्रत्येक पेटाबरोबर क्रँकला धक्का मिळून त्याचा वेग किंचित वाढतो. एखादा धक्का आला नाही, की त्या वेळचे दात जरा उशिरा सरकतात. या उशिरावरून कोणता सिलिंडर चुकला हे ठरते आणि कोड नोंदला जातो: पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०२ दुसरा, आणि ठराविक असा कुठलाच नसेल तर पी०३००. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ गाड्यांना ही दुसऱ्या टप्प्याची स्वयंतपासणी बंधनकारक झाली. म्हणजे आज रस्त्यावरच्या बहुतेक पेट्रोल गाड्या आपले दुखणे काही प्रमाणात स्वतः सांगतात.

काही प्रमाणातच. कोड सिलिंडरचा पत्ता सांगतो, कारण सांगत नाही. पी०३०२ वाचून लगेच दोन नंबरची कॉईल मागवणे म्हणजे पोट दुखते म्हटल्यावर न तपासता चिरफाड करणे. शिवाय कंट्रोल युनिटची स्वतःची समजूतही चुकू शकते. पेट न घेतलेल्या सिलिंडरमधली हवा जशीच्या तशी सायलेन्सरमध्ये जाते. तिथला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. त्याला वाटते मिश्रण पातळ आहे, आणि कंट्रोल युनिट आणखी पेट्रोल सोडू लागते. मग स्कॅनरवर मिसिंगच्या जोडीला मिश्रण पातळ असल्याचा कोडही दिसतो आणि फिटर पेट्रोल पंपाच्या मागे लागतो. खरा दोष असतो ठिणगीत. अगदी खराब रस्त्यावर चाकांना बसणारे धक्के क्रँकपर्यंत पोचून खोटे मिसिंगही नोंदले जाऊ शकते.

तरीही स्कॅनरमध्ये एक अनमोल गोष्ट असते, आणि तीच सर्वांत आधी पुसली जाते. कोड नोंदताना कंट्रोल युनिट त्या क्षणाची स्थितीही साठवते: इंजिनाचे फेरे, त्यावरचा भार, पाण्याचे तापमान, गाडीचा वेग. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. गॅरेजमध्ये गाडी आली की दिवा घालवायचा म्हणून आधी कोड क्लिअर करण्याची जी सवय पडली आहे, तिच्यामुळे हा पुरावा नष्ट होतो. मी कळकळीने सांगतो: कोड आणि फ्रीझ फ्रेम कागदावर उतरल्याशिवाय कुणालाही ते पुसू देऊ नका.

कारण परत येणाऱ्या मिसिंगमध्ये "काय होते" यापेक्षा "कधी होते" याला जास्त मोल आहे. मिस्त्रींचे तीन प्रश्न हे या पुस्तिकेचा कणा आहेत.

फक्त चढावर, भार असतानाच होते का? मग ठिणगी कमजोर आहे किंवा पेट्रोलचा दाब भाराखाली पडतो आहे. फक्त स्लोवर, सिग्नलला उभे असताना होते आणि रेस दिली की थांबते? मग कुठून तरी चोरटी हवा आत शिरत असण्याची शक्यता मोठी. इनटेक मॅनिफोल्डचे गास्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, टॅपेट कव्हरकडून येणारा श्वासाचा पाइप, यांत कुठेतरी चीर असते. स्लोवर इंजिन मुळात हवाच थोडी ओढते, त्यामुळे चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. वेग वाढला की तो नगण्य होतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे कंट्रोल युनिट पेट्रोल किती वाढवते-घटवते त्याचे, आकडे स्लोवर आणि २५०० फेऱ्यांवर पाहिले की हे स्वच्छ दिसते.

सकाळी पहिल्या स्टार्टला मिनिटभर मिसिंग, पांढरा धूर, मग दिवसभर काही नाही, आणि रेडिएटरचे पाणी मात्र हळूहळू कमी होते आहे? मग रात्रभरात हेड गास्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये झिरपते आहे. इथे प्लग-कॉईल बदलत बसणे म्हणजे इंजिन गमावण्याची तयारी. आणि शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदम कमी भरले, तर त्या दोहोंमधले गास्केट फुटले आहे असेच धरावे.

सीएनजीवर होते, पेट्रोलवर होत नाही? मुंबई-पुण्याच्या गाड्यांत हे इतके आढळते की आपण त्याला गॅसचा दोष म्हणून सोडून देतो. बहुतेकदा दोष ठिणगीचाच असतो, गॅस तो लवकर उघडा पाडतो इतकेच. गाडी जुनी असेल, भरपूर किलोमीटर गॅसवर चालली असेल आणि गरम झाल्यावर स्लोवर थरथरत असेल, तर मात्र टॅपेट पाहावे लागते. कोरड्या इंधनावर वॉल्व्हची सीट लवकर झिजते, वॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. थंड असताना वॉल्व्ह बंद होतो; तापून लांबला की पूर्ण बसत नाही. एक फिलर गेज आणि तासाभराचे काम, पण ते वेळेवर झाले नाही तर वॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावे लागते.

पावसाळ्यातच होते? काचेखालच्या जाळीतून पाणी प्लगच्या नळीत उतरते का पाहा. वॉशिंग सेंटरमधून आल्यावर सुरू झाले असेल तर आणखी शोधायची गरजही नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत अर्थिंगच्या वायरींची टोके गंजतात. शेताजवळ किंवा गोदामाजवळ गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी कुरतडलेली वायर आधी पाहावी. इथेनॉलबद्दल आजकाल फार बोलले जाते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग त्याच्यासाठी बनलेले नाहीत, हे खरे. पण प्रत्येक मिसिंग ई-२० च्या माथी मारून मोकळे होणे हीही तपास टाळण्याचीच एक रीत आहे.

संशय एका सिलिंडरवर आला की अदलाबदल हे सर्वांत स्वस्त आणि प्रामाणिक हत्यार आहे. एका वेळी एकच वस्तू हलवायची: आधी कॉईल, मग प्लग, मग इंजेक्टर. कोड वस्तूबरोबर सरकला तर दोष वस्तूत, सिलिंडरलाच चिकटून राहिला तर दोष आत. आत असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट. आकडा कमी आला तर चमचाभर ऑईल सिलिंडरमध्ये सोडून पुन्हा मोजायचे. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा गास्केट. आणि वस्तू दोषी ठरली, तरी मिस्त्रींचा प्रश्न शिल्लक राहतो: ती कशाने गेली? तीन वस्तू एकदम बदलल्या की गाडी बरी होईलही, पण कशाने झाली हे कळायची वाट कायमची बंद होते.

एक सूचना मात्र पुस्तिका उघडण्यापूर्वीच ध्यानात ठेवा. इंजिनाचा दिवा नुसता पेटून राहिला असेल, तर जपून चालवत गॅरेज गाठता येते. लुकलुकत असेल, तर पाय उचला आणि सुरक्षित जागी थांबा. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते. आतली जाळी तापून वितळते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो, त्यामुळे ती बदलायचा खर्च मिसिंगच्या कितीतरी पट येतो. वितळलेली जाळी सायलेन्सरचा मार्ग अडवते आणि मग गाडी त्या कारणानेही ओढेनाशी होते. मी घाटात तो दिवा लुकलुकत असताना कितीतरी वेळा तशीच गाडी रेटली. ते मी करायला नको होते.

ही पुस्तिका दोन वाचकांसाठी आहे. एक गाडीवाला, ज्याने पाना हातात धरलाच पाहिजे असे नाही, पण जो गाडीजवळ सर्वांत जास्त वेळ असतो आणि म्हणून पुराव्याचा खरा मालक आहे. दुसरा आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला तरुण फिटर, ज्याला भाग बदलण्याचा वेग सगळे शिकवतात आणि तपासाचा धीर क्वचितच कुणी. गाडीवाल्यांनी शेवटचे वहीचे पान जरूर भरावे: तारीख, रस्ता, गरम की थंड, गॅस की पेट्रोल, चढ की सपाटी, दिवा कसा होता. फिटरांनी कॉम्प्रेशन आणि फ्युएल ट्रिमची प्रकरणे दोनदा वाचावीत.

त्या मिस्त्रींनी माझ्या गाडीवर जवळजवळ अख्खा दिवस घालवला आणि बिलात सील, प्लग, कॉईल आणि थोडी मजुरी लावली. घाटातल्या फेरीचे आणि विचारलेल्या प्रश्नांचे त्यांनी काही घेतले नाही; आपल्याकडे त्याचे पैसे मागायची पद्धतच नाही. भागाचे पैसे मिळतात आणि शोधाचे मिळत नाहीत, तोवर गॅरेजमध्ये भागच बदलले जाणार. गाडी दुरुस्तीला टाकताना तपासणीची मजुरी वेगळी विचारा, आणि एकही भाग बदलावा लागला नाही तरी ती द्या.